कंट्रोल नंबर सात

१४ जानेवारी १९९६, रविवार

आशा गेली. सकाळी नऊ-सव्वानऊला. चहा मागितला, उर्मिलाने बशीत ओतून आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सासूबाई एक्केचाळिसाव्या वर्षी. माझी अंबिका छत्तिसाव्या. आणि आता अंबिकेची ही धाकटी बहीण – पंचेचाळीसही पुरी नाहीत. तिघींच्या छातीत गाठ. तिघींनी लपवली. शेवटही तिघींचा तोच – हात सुजला, पाठ धरली, खोकला लागला.

स्मशानात मागे कुणीतरी कुजबुजलं, "ह्या घरच्या बायकांना बाधा आहे." वळून बघतो तर आमच्याच गावचा, चांगला बी. ए. झालेला! बावीस प्रतिज्ञा पाठ आणि तोंडात बाधा!

उर्मिला माझा हात धरून उभी होती. तीस वर्षांची झाली माझी पोर. हात थंडगार. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. विचारायची हिंमत झाली नाही.

३ फेब्रुवारी

रसिका मॅडमनी हॉस्पिटलात बोलावलं. आशाच्या डॉक्टरीणबाई. वयाने उर्मिलाएवढी, बाहेरदेशी शिकून आली, पण डबा उघडला की पहिला घास माझ्यापुढे सरकवते. मी त्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं धूळ खाल्ली. सातवी पास. केसपेपर वाचता वाचता इंग्रजी आलं. मोठमोठे डॉक्टर स्वतःचंच अक्षर माझ्याकडून वाचून घ्यायचे!

मॅडम म्हणाल्या, "काका, हा रोग काही घराण्यांतून उतरतो. रक्तातला एक बारीकसा दोष, आईबापांकडून मुलांकडे. तो कुणाकुणात उतरलाय हे शोधायचंय. बत्तीस घराणी आहेत, मीरा रोडपासून वसईपर्यंत. फायली काय, कुणीही काढेल. मला घरात शिरणारा माणूस हवाय. बायका मला बघितलं की पदर सावरून गप्प बसतात."

आशाचं रक्त त्यांनी डिसेंबरातच काढून ठेवलंय. तिला विचारून. ती म्हणाली होती म्हणे, "घ्या. माझ्या भाचीच्या कामी येईल."

हो म्हटलं. रिकामा बसून तरी काय करतोय?

२ मार्च

घराण्याचं झाड काढायला शिकलो. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. रोग झाला तर आत काळं भरायचं. माणूस गेलं तर तिरकी रेघ. मूल दत्तक असेल तर कंस टाकायचा, कारण त्याचं रक्त वेगळं.

माझी पद्धत मॅडमना आवडली. मी आजाराचं आधी विचारतच नाही. दुपारी पुरुष बाहेर असताना जायचं, घरातल्या सगळ्यात म्हातारीपाशी बसायचं, आणि विचारायचं – ह्या घरातली बाळंतपणं कुणी केली? मग सगळं बाहेर येतं. गेलेली पोरं, सोडलेल्या बायका, 'छातीचं गळू होऊन मेली' ती नणंद – सगळं!

आज मोरव्याला एक म्हातारी. अंगणात बोंबील वाळत घातलेले. तिने चार मुलगे सांगितले, मी चार चौकोन काढले. जाताना हळूच म्हणते, "धाकला माजा न्हाय हाय. जावंचा हाय. ती मेली, मी दूद पाजला. त्याला म्हाईत न्हाय. कागदावर लिवशील तं तुजी खैर न्हाय."

मी म्हटलं, "आजी, न लिहिलं तर कागद खोटा पडेल. आणि त्याच्या पोरीबाळींचं काय?"

उठून दोन बोंबील उलटवले. मग म्हणाली, "लिव."

कंस टाकला. परत येताना तोंडाला कडू चव. दुसऱ्याला सांगायला जीभ कशी चुरूचुरू चालते!

१० मार्च

आज आमच्या घराचं झाड काढलं. सासूबाई – काळा गोल. अंबिका – काळा गोल. आशा – काळा गोल, तिला मूलबाळ नाही. अंबिकेच्या खाली एक गोल, उर्मिला.

हात थांबला.

ही वही कुणी वाचत नाही. इथे तरी लिहितो. एकाहत्तर साली अंबिकेला दुसरी मुलगी झाली. माझा थोरला भाऊ काशीनाथ आणि गिरिजावहिनी, लग्नाला अकरा वर्षं झालेली, पदरात काही नाही. बाराव्या दिवशी अंबिकेने पोर वहिनीच्या ओटीत घातली. कागद नाही, पत्र नाही. आपल्यात असंच चालतं – भावाचं घर वेगळं मोजतच नाहीत. आईने सगळ्यांकडून शब्द घेतला की पोरीला कधी कळता कामा नये. आई गेली, गावची जाणती माणसं गेली, आशाही गेली. उर्मिला तेव्हा पाच वर्षांची, तिला काही आठवत नाही. आम्ही मुंबईला आलो, मग इकडे मीरा रोड-भाईंदरला – मी सिल्व्हर पार्कला, दादा केबिन रोडला. आता ठाऊक असणारे तिघेच.

ती तेजश्री. मला काका म्हणते.

अंबिका जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाली होती, "तेजूला जरा आणा." वहिनीने निरोप पाठवला – शाळा बुडेल.

तेजूला मी दादाच्या खाली काढलं. कंस टाकला नाही. सुबक, स्वच्छ, खोटं झाड मॅडमच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "काका, काय सुंदर काढलंय!"

२१ एप्रिल

काय होऊन बसलं आज!

रक्त काढायला मॅडम घरी आल्या होत्या. उर्मिलाचं काढलं. मॅडमना तुलनेसाठी प्रत्येक घरातलं असं एक माणूस लागतं की ज्याचा त्या रोगाच्या रक्ताशी संबंध नाही, पण खाणं-पिणं, राहणं सगळं तसंच. त्याला त्या 'कंट्रोल' म्हणतात. आमच्या घरचा कंट्रोल म्हणून मी एका लांबच्या पुतण्याला सांगून ठेवलं होतं. तो आलाच नाही.

आणि तेजश्री आली! लग्नाच्या साड्या उर्मिलाला दाखवायला. मॅडमच्या हातात सुई बघून, पुतण्या आला नाही ते ऐकून हसते कशी – "माझं घ्या की डॉक्टर! मी ह्यांच्याच घरात वाढले, पण अंबिकाकाकूच्या रक्ताची नाही. असंच कुणीतरी हवंय ना तुम्हाला?"

मॅडम खूश. "परफेक्ट!"

मी चिठ्ठ्या घेऊन उभा. काय बोलणार होतो? तेजूने बाही वर केली. कोपराच्या आत तीळ – अंबिकेलाही तिथेच होता. मी नळीवर चिठ्ठी चिकटवली. कंट्रोल नंबर सात. आतलं रक्त अजून कोमट होतं.

उर्मिला म्हणाली, "बाबा, तुम्हाला घाम का आलाय?" म्हटलं, उकडतंय.

२२ एप्रिल

नळ्या हॉस्पिटलात पोचवल्या. बर्फ संपला होता म्हणून स्टेशनाबाहेर मासळीवाल्याकडून घेतला. म्हणतो, "मच्छी का बर्फ है चाचा, चलेगा?" म्हटलं चलेगा. वास सगळ्या रस्त्याभर.

वाटेत मनात आलं, एक नळी पडली तर? हातून सहज निसटली तर? बत्तीस घरांतून जपून आणलेलं रक्त, आणि हे मनात आलं! पाडली नाही.

५ मे

तेजश्रीचं लग्न झालं. जावई उदय, वीज मंडळात आहे, मोरव्याच्या रस्त्याला घर. वधूपिता म्हणून दादा उभा. मी वाढपी!

११ ऑगस्ट

रक्त परदेशी गेलं. वर्ष लागेल म्हणतात. आणि निकाल घरच्यांना सांगायचा नाही असा नियम. संशोधनापुरतंच. मी विचारलं, "मॅडम, रक्त त्यांचं, दोष त्यांचा, आणि उत्तर तुमच्या कपाटात?" त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "नियम वरून आलाय, काका. मलाही पटत नाही."

मोरव्याच्या म्हातारीला मी कुठल्या तोंडाने भेटू? तिने माझ्या शब्दावर पोटातलं बाहेर काढलं.

१९ जुलै १९९७

निकाल आले. नुसते नंबर, नावं नाहीत. पण चिठ्ठ्या मीच चिकटवलेल्या, मला नाव कशाला लागतं?

आशाच्या रक्तात दोष सापडला. गुणसूत्रांच्या सतराव्या जोडीत कुठेतरी अक्षरं गळालीत म्हणे. उर्मिलाच्या रक्तात तो नाही. नाही! मी टेबल धरलं. अंबिके, एक तरी पोर सुटली.

मग मॅडमनी चष्मा काढला. "पण काका, एक विचित्र गोष्ट आहे. कंट्रोल सातमध्ये तोच दोष आहे. अगदी तोच. तुमच्या पुतणीत. हे होऊच शकत नाही ना?"

मी कागदावरचा नंबर पुन्हा वाचला. सात.

"नळ्यांची अदलाबदल तर नाही झाली? चिठ्ठ्या तुमच्याकडे होत्या."

सुटकेची वाट दिसली आणि मी आंधळ्यासारखा त्या वाटेने पळालो. म्हटलं, "झाली असेल, मॅडम. वय झालं. माझ्या हातून बदलल्या असतील."

त्यांनी निकालाचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग फार हळू म्हणाल्या, "काका, मग दोष उर्मिलात आहे."

हे मला बोलण्याआधी सुचलं नाही! एक पोर झाकायला गेलो आणि दुसरीला उघड्यावर ढकललं.

"हे मी नियमात बसवून गप्प राहू शकत नाही. तिला बोलवा. पुन्हा रक्त घेऊ," मॅडम म्हणाल्या.

२६ जुलै

उर्मिलाचं पुन्हा रक्त घेतलं. सहा आठवडे थांबायचं.

मॅडमनी तिला सगळं समजावलं. असा दोष असला तर निम्म्याहून जास्त बायकांना रोग होतो, पण लवकर कळलं तर वाचतात, सहा-सहा महिन्यांनी तपासायचं. ती मान हलवत होती. रिक्षात मला म्हणते, "बाबा, आई छत्तीसची. म्हणजे माझी पाच वर्षं राहिली."

तोंडाशी आलं होतं. गिळलं.

१७ ऑगस्ट

उर्मिला जेवत नाही. लग्नाला एक स्थळ आलं होतं, बऱ्याच वर्षांनी, चांगलं. तिने स्वतः जाऊन नाही सांगितलं. "कुणाच्या पोराला कशाला फसवू?" म्हणाली.

मला ठाऊक आहे तिला काही नाही. जगात मला एकट्याला ठाऊक आहे. आणि मी तिच्यासमोर बसून आमटी-भात खातोय.

६ सप्टेंबर

उर्मिला स्वच्छ. दुसऱ्यांदा. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी पण रडलो. पण माझं रडू वेगळं होतं.

त्या स्थळाचं जमलं दुसरीकडे.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सात नंबरची नळी कुणाची ते आता कळायला मार्ग नाही. सॅम्पल रद्द करावं लागेल." पुतणीचं पुन्हा घेऊ का म्हणून विचारलं, ती सासरी आहे म्हणून मी टाळलं. मग म्हणाल्या, "काका, ह्यापुढे नळ्या तुम्ही हाताळू नका." वाईट वाटू नये म्हणून डबा पुढे सरकवला. मी झाकण लावून परत सरकवला. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक फाइल इकडची तिकडे झाली नव्हती.

९ नोव्हेंबर

आज केबिन रोडला जाऊन दादा-वहिनीपुढे सगळं मांडलं. म्हटलं, तेजूत अंबिकेचा दोष उतरलाय. तिला सांगायला पाहिजे. तपासणी सुरू करायला पाहिजे. दादा भिंतीकडे बघत कान कोरत बसला. वहिनी भाजी निवडत होत्या. तशाच उठल्या.

"भावजी, बारा दिवसांची होती. माझ्या ओटीत टाकलीत तेव्हा काय म्हणालात? वहिनी, आजपासून तुमची. मग आता कसली ओळख काढता?"

"वहिनी, तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"जीव! गोवर उठला तेव्हा हा जीव कुठे होता? दहावीला गणितात नापास झाली, दोन दिवस बोलली नाही, तेव्हा कुठे होता? गोल नि चौकोन काढत फिरता घरोघर, त्यात माझ्या पोरीला बसवू नका!"

"मी तिला हिसकावायला नाही आलो."

"मग कशाला आलात? सहा महिन्यांची पोटुशी आहे ती! तिच्या कानावर एक शब्द गेला ना, तर मी भाईंदरच्या खाडीत उडी टाकीन आणि चिठ्ठीत तुमचं नाव लिहीन!"

दादा तेवढ्यात बोलला, "दत्ता, बाळंतपण होऊ दे. मग बघू." हा माझा थोरला भाऊ. आयुष्यभर 'मग बघू'!

चहा ठेवला होता, तो तसाच सोडून उतरलो. स्वार्थी बाई. पोर मेली तरी चालेल, पण आई मीच!  लिहिलंय ते खोडणार नाही.

१२ फेब्रुवारी १९९८

तेजूला मुलगी झाली. अडीच किलो. मुलगी!

म्हणजे अर्धी शक्यता तिच्यातही. झाड खाली वाढत चाललंय.

१ मार्च

बारशाला गेलो. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाळण्याची दोरी अशी धरून बसल्या होत्या की जणू मी पोर पळवून नेणार आहे. मी ठरवून गेलो होतो की आज तेजूला बाजूला घ्यायचं. माणसं फार होती. मग जिलेबी आली. मग म्हटलं, ओली बाळंतीण आहे. कारणांना काय तोटा?

तेजू बारीक झालीय. बाळ माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेली.

१८ एप्रिल

शेवटी मॅडमपुढे बोललो. दाराची कडी लावून घेतली आणि सगळं सांगितलं. एकाहत्तर सालापासून. कंट्रोल सातची नळी तेजूचीच, चिठ्ठी बरोबर, झाड खोटं.

वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, लोकांच्या घरात तुम्ही अकरा कंस टाकलेत. मी मोजलेत. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे काकांना कसं जमतं?"

मग म्हणाल्या, "उर्मिलाने ते स्थळ माझ्यामुळे सोडलं असं मी धरून बसले होते."

उठून त्यांनी दाराची कडी काढली.

"तुमच्या पुतणीला – मुलीला – मी आपणहून सांगू शकत नाही. तुम्हीच सांगा. ती आली तर त्याच दिवशी तपासते. पण उशीर करू नका, काका. तुम्ही आधीच खूप केलाय."

१० मे

केबिन रोडला गेलो. आधी दादाला सांगून मग तेजूकडे जायचं, असं ठरवलं होतं. कुलूप! शेजारचा फरसाणवाला म्हणतो, "वो लोग तो गांव गये हैं चाचा, बेटी को लेके. महिना तो लगेगा."

मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. सख्खा भाऊ गावाला जातो आणि मला फरसाणवाल्याकडून कळतं! वहिनीची करणी. पोरीला माझ्या वाऱ्यालाही उभी करायची नाही. करा काय करायचं ते. कधीतरी परत याल.

खरं लिहू? कुलूप बघून आधी हायसं वाटलं होतं.

१३ जून

परतलेत. तेजू मोरव्यालाच आहे, वहिनी तिच्याकडेच राहते म्हणे. असू दे. तिच्यासमोर बोलेन. ती खाडीत जाते की कुठे जाते ते जाऊ दे.

काय बोलायचं ते पाठ केलं. "तेजू, मी तुझा काका नाही." नको, हे नको. "तेजू, तुझ्या आईला जो आजार होता..." हेही नको, ती वहिनीकडे बघेल. सकाळपासून दहा वेळा बदललं. उर्मिलाला आज सगळं सांगितलं.  ती पीठ मळत राहिली, मळत राहिली. मग म्हणाली, "माझं जाऊ द्या. उद्या जा."

१४ जून

दार वहिनीने उघडलं. खांद्यावर बाळ. मला बघून बाजूला सरकल्या.

तेजू पलंगावर उशीला टेकून. डावी बाजू पट्ट्यांत बांधलेली, बगलेतून नळी. चार आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. गावाला कुणी गेलंच नव्हतं. गाठ शेंगदाण्याएवढी होती, डॉक्टर म्हणाले वेळेत आलात.

उदयने मला बाहेर जिन्यात नेऊन सांगितलं. मी केबिन रोडला भांडून आलो, त्याच आठवड्यात वहिनीने तेजूला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. अंबिकेचं नाव घेऊन. माझं नाव घेऊन. तेव्हापासून दर महिन्याला वहिनी स्वतः तिला तपासणीला नेत होत्या.

वाक्य पाठ होतं. आत परत येऊन पलंगापाशी उभा राहिलो.

तेजूने खुर्चीवरचे बाळाचे कपडे उजव्या हाताने उचलले. म्हणाली, "उभे का? बसा ना, काका."